पावतीची मागची बाजू

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका शस्त्रदुकानाच्या ठेव-सेवेविषयी हे परीक्षण लिहीत आहे. गेल्या दोन वर्षांत आमची बंदूक तीन वेळा त्या दुकानात राहिली. दुकानाचे नाव देत नाही, कारण गुणांबरोबर काही तक्रारीही लिहायच्या आहेत आणि दुकानदारकाका वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे आहेत. बंदुका आणि काडतुसे विकणे हा त्यांचा मूळ व्यवसाय असला, तरी मी तिथून एकही काडतूस विकत आणलेले नाही. मी तिथून आणल्या त्या तीन पावत्या. गुलाबी कागदाच्या त्या पावतीवर पुढच्या बाजूला बंदुकीचा क्रमांक, बनावट, नळीची लांबी, परवान्याचा क्रमांक आणि ठेवीची तारीख लिहिलेली असते. मागच्या बाजूला बारीक टाइपात सात ओळी छापलेल्या आहेत आणि त्यांच्यावर मथळा आहे, ‘पोलिसांनी विचारल्यास’. या दुकानाची सेवा चांगली की वाईट, याचा माझा निकाल बव्हंशी त्या सात ओळींवर अवलंबून आहे.

ज्यांना आमच्या भागाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. दोडामार्ग, सावंतवाडी, कुडाळ या पट्ट्यात शेतीसंरक्षणाची बंदूक घरात असणे ही काही मिरवण्याची गोष्ट नाही. ती पॉवर टिलर आणि फवारणीच्या पंपाच्या पंक्तीला बसते. काजूत माकडे उतरतात, भातात रानडुकरे घुसतात, आणि बंदुकीचा उपयोग बहुतेक वेळा बार काढून त्यांना पिटाळण्यापुरताच असतो, कारण जनावर मारायचे तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते आणि शस्त्रपरवाना म्हणजे ती परवानगी नव्हे. अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, बारा बोअरची एकनळी काडतुशी बंदूक आणि तिचा रीतसर परवाना होता. त्याखेरीज माजघराच्या भिंतीवर आजोबांची एक ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक टांगलेली आहे, तिच्याविषयी पुढे लिहिते.

दुकानाशी पहिला संबंध आला तो लोकसभा निवडणुकीत. १६ मार्च २०२४ रोजी आचारसंहिता लागली आणि चार दिवसांत पोलीस पाटील निरोप घेऊन आले की गावातल्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या आहेत. आमच्या मतदारसंघात मतदान ७ मे रोजी होते आणि निकाल ४ जूनला. म्हणजे काजूचा सगळा भर बंदुकीविना काढायचा होता. अण्णांनी आयुष्यभर असा निरोप आला की बंदूक मुकाट्याने खांद्याला लावून ठाण्याची वाट धरलेली होती. तिथे ती मुद्देमालाच्या खोलीत इतर चाळीस बंदुकांबरोबर भिंतीला टेकून उभी राहायची आणि परत मिळायची तेव्हा कधी दस्त्याला चीर असायची, तर कधी चाप अडकलेला असायचा. जमा केल्याची नोंद ठाण्याच्या वहीत व्हायची, पण अण्णांच्या हातात कागद असा कधीच पडला नाही, आणि त्यांनीही तो कधी मागितला नाही. त्या वर्षी त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते आणि ठाण्याच्या पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून मी या दुकानात फोन केला.

काकांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो हा: “आदेश लेखी आहे की तोंडी?” निरोप तोंडी होता. त्यांनी सांगितले की पाटलांकडे लेखी आदेश मागा, तो कोणाच्या सहीचा आहे आणि त्यात अण्णांचे नाव आहे की सरसकट सगळ्यांना लागू केला आहे, एवढे पाहा आणि मग मला परत फोन करा. मला वाटले, हा माणूस गिऱ्हाइकाला भांडायला लावतो आहे. पण त्यामागचा कायदा खरा आहे. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांची शस्त्रे सरसकट जमा करून घेऊ नयेत, प्रत्येक प्रकरणाचा विचार व्हावा, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलेले आहे. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीने परवानाधारकांची यादी तपासायची असते आणि जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पूर्वेतिहास असलेले किंवा आधीच्या निवडणुकांतल्या दंगलीत नाव आलेले यांच्यावर त्यात मुख्य रोख ठेवायचा असतो. अलाहाबाद उच्च न्यायालयानेही मार्च २०२४ मध्ये असाच निर्णय दिला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे धरून चालणाऱ्या आणि उभ्या आयुष्यात कोर्टाची पायरी न चढलेल्या माणसाची बंदूक या छाननीत का यावी, हा प्रश्न आम्ही अर्जात विचारू शकत होतो. आम्ही तो विचारला नाही, कारण अण्णांना पोलिसांशी वाकडे नको होते. पण लेखी आदेश मात्र मागितला, आणि तो आल्यावर त्यात “ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे” असे स्पष्ट शब्द निघाले. इतकी वर्षे आमच्याकडे आलेल्या निरोपात या वाक्याचा पहिला अर्धाच पोचत होता.

दुकान बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, पितळी भांड्यांच्या दुकानाशेजारी आहे. आत शिरताच बंदुकीच्या तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास येतो. काउंटरमागे लोखंडी दार आहे आणि त्याच्या आड ठेवीच्या बंदुकांची घोडी, म्हणजे त्या उभ्या ठेवायची चौकट, आहे. काकांनी अण्णांची बंदूक हातात घेऊन प्रथम ती उघडली, नळीतून उजेडाकडे पाहिले आणि रिकामी असल्याचे अण्णांनाही दाखवले. मग नळीवरचा क्रमांक भिंगातून वाचून परवान्यावरच्या क्रमांकाशी अंक अंक करून ताडला. परवान्यावर एका आकड्याची गिरवणी पुसट झाली होती, तर ते तीन का आठ याचा खल दहा मिनिटे चालला आणि शेवटी आधीच्या नूतनीकरणाच्या पानावरून तो आठ ठरला. दस्त्यावर जुनी चीर होती, तिची लांबी त्यांनी पट्टीने मोजून पावतीत लिहिली. अण्णा हसून म्हणाले की मुलगी देताना एवढे बघत नाहीत. पण त्या आठ आकड्याचे महत्त्व मला पुढे कळले, कारण क्रमांकात एक अंक चुकला तर कागदोपत्री ती बंदूक तुमची राहत नाही आणि जी तुमची नाही ती विनापरवाना ठरते.

पावतीच्या तीन प्रती होतात. एक आपल्याला, एक दुकानाच्या वहीला आणि एक ठाण्यासाठी. ठाण्याची प्रत आपण नेऊन द्यायची आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यायचा, हे काका दोनदा बजावून सांगतात. दर महिन्याला ३०० रुपये आकारतात. ठाण्यात ठेवायला पैसे लागत नाहीत, म्हणून काहींना हे जास्त वाटेल. मला वाटत नाही. मात्र एक तक्रार आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेच्या आचारसंहितेत बंदूक पुन्हा ठेवली, ऐन भात पिवळे पडण्याच्या सुमारास, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणायला गेले तेव्हा नळीवर गंजाचे तांबूस ठिपके उठलेले होते. घोडी ज्या भिंतीला लागून आहे ती भिंत पावसाळ्यानंतरही ओली असते, हे हात लावला की कळते. पावतीत ‘नळी स्वच्छ’ असे त्यांच्याच अक्षरात लिहिलेले असल्यामुळे वाद घालण्याची वेळ आली नाही. त्यांनी कारागिराकडून नळी घासून, तेल देऊन घेतली आणि त्या महिन्याचे पैसे घेतले नाहीत. तरीही ठेवीचे पैसे घेणाऱ्याने भिंत कोरडी ठेवली पाहिजे, आणि मी पुन्हा गेले तेव्हा भिंत तशीच ओली होती.

आता मागच्या बाजूच्या सात ओळींकडे येते.

पहिली ओळ सगळ्यात कामाची आहे आणि ती अशी: ‘शस्त्र घेऊन जाणाऱ्याकडे लेखी आदेश मागा, शस्त्र दिल्यास पोच मागा.’ परवाना निलंबित किंवा रद्द करायचा तर शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १७ प्रमाणे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने लेखी आदेश काढावा लागतो, कारणे नोंदवावी लागतात, आणि मागितल्यास ती परवानाधारकाला थोडक्यात कळवावी लागतात. सार्वजनिक हितासाठी कारणे न सांगण्याची मुभा त्यात आहे, पण तो अपवाद आहे. कलम १८ मध्ये अपिलाची सोय आहे. आदेशच हातात नसेल तर अपील कशावर करायचे, एवढी साधी गोष्ट ही ओळ सांगते, आणि ती सांगताना कुणाला दुखवत नाही.

दुसरी ओळ मात्र चुकीची आहे आणि ती छापील राहणे धोक्याचे आहे. ‘परवाना फक्त अधिकाऱ्यास दाखवावा, शिपायास नाही’ असे तिथे लिहिले आहे. हा समज आमच्याकडे घरोघर आहे. कलम १९ मध्ये ‘कोणताही पोलीस अधिकारी’ असे शब्द आहेत आणि शस्त्र बरोबर बाळगणाऱ्याकडे परवाना मागताना तिथे हुद्द्याची पायरी घातलेली नाही. परवाना दाखवला नाही, किंवा परवान्याशिवाय ते बाळगण्याचा हक्क असल्याचे दाखवता आले नाही, तर तो पोलीस नाव-पत्ता विचारू शकतो आणि आवश्यक वाटल्यास शस्त्र जप्त करू शकतो. नाव-पत्ता सांगायला नकार दिला, किंवा दिलेला पत्ता खोटा असल्याचा संशय आला, तर वॉरंटशिवाय अटकही होऊ शकते. म्हणजे रात्री बागेकडे जाताना गस्तीच्या गाडीने थांबवले, तर अशा वेळी हक्क सांगण्याचा पहिला अर्थ परवाना खिशात असणे हाच आहे. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पावसात भिजणार नाही असा. मी काकांना ही ओळ काढून टाका असे सांगितले. ते म्हणाले, “छापताना वकिलाला दाखवली होती.” कुठल्या वकिलाला, हे त्यांनी सांगितले नाही.

मनाई आदेशाविषयीची ओळ अर्धी बरोबर आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात मनाई आदेश लागतो, तेव्हा सार्वजनिक जागी शस्त्रे, तलवारी, भाले, सोटे, इतकेच काय पण काठ्यासुद्धा बरोबर बाळगायला बंदी घालता येते, आणि परवाना आहे म्हणून आपोआप सूट मिळते असे नाही. घरातल्या कपाटात बंद असलेली बंदूक ही ‘बरोबर बाळगलेली’ नसते, हे पावतीत बरोबर सांगितले आहे. पण आमच्याकडे घर आणि बाग यांच्यामध्ये सार्वजनिक रस्ता असतो, आणि तो ओलांडणारा शेतकरी त्या दोन मिनिटांपुरता आदेशाच्या कक्षेत येतो. आदेशात शेतकऱ्यांना किंवा कामानिमित्त अवजारे नेणाऱ्यांना सूट आहे का, हे प्रत्येक वेळी वाचून पाहावे लागते. कोयत्याचेही तसेच आहे. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेली वस्तू शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येप्रमाणे ‘शस्त्र’ होत नाही, हे खरे, आणि काजूच्या बागेत कमरेला कोयता लावलेल्या माणसाला कोणी हटकत नाही. पण तोच कोयता मध्यरात्री शहरात मोटारसायकलच्या डिकीत सापडला, तर तो शेतीसाठी होता हे सांगताना फार बोलावे लागेल. एअरगनविषयी पावतीत ‘परवाना लागत नाही’ एवढेच आहे. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि २० जूलपर्यंतच्या ताकदीची, एवढी मर्यादा तिथे लिहायला हवी होती, कारण त्याहून जोरकस एअरगन नियमांत बंदुकांच्या रांगेत बसते.

उरलेल्या ओळींची परीक्षा माझ्यावरच झाली. गेल्या वर्षी श्रावणात अण्णा गेले. दुसऱ्या दिवशी काकांना कळवायला फोन केला, तेव्हा सांत्वनाची दोन वाक्ये झाल्यावर ते म्हणाले, “बाय, बाराव्या-तेराव्याची वाट बघू नको. बंदूक सुतक पाळत नाही.” त्या वेळी ते कठोर वाटले. पण परवाना व्यक्तीच्या नावाचा असतो, तो तिच्याबरोबर संपतो आणि त्या क्षणापासून घरातली बंदूक कोणाच्याच परवान्यावर नसते. शस्त्र अधिनियमाचे कलम २१ सांगते की अशी बंदूक विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवायची, आणि ती परत मिळवण्याचा किंवा विकण्याचा हक्क वारसाकडे राहतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा किमान दोन आणि कमाल पाच वर्षे झालेली आहे. आमच्या ओळखीच्या दोन घरांत गेलेल्या माणसाची बंदूक वर्षानुवर्षे कपाटावर पडून आहे आणि घरच्यांना वाटते की ती वडिलोपार्जित भांड्यांसारखी आपोआप आपली झाली.

पण मी, जिच्या नावावर परवाना नाही, ती बंदूक दुकानापर्यंत नेणार कशी? काकांनी सांगितलेली रीत अशी होती: आधी ठाण्याला अर्ज द्यायचा, त्यात मृत्यूची तारीख, बंदुकीचा आणि परवान्याचा क्रमांक, ती अमुक दिवशी अमुक दुकानात ठेवणार आहे हे लिहायचे, अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायचा आणि ती प्रत बरोबर ठेवून, बंदूक गवसणीत बांधून, काडतुसे वेगळ्या पिशवीत घालून सरळ दुकानात यायचे, वाटेत कुठे थांबायचे नाही. पाचव्या दिवशी मी हे केले. त्यांनी मला याच वेळी एक गोष्ट सांगितली, जी ऐकून हळहळ वाटली. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाचे वय सत्तर झाले किंवा बंदूक पंचवीस वर्षे त्याच्याकडे असली, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. अण्णांना दोन्ही लागू होते. सत्तरी ओलांडली त्या वर्षीच अर्ज केला असता, तर पुढचे काहीच घडले नसते. अण्णा मार्च २०२४ मध्ये स्वतः त्या दुकानात बसलेले असताना काकांनी हे का सांगितले नाही, असे मी विचारले, तर म्हणाले, “माणूस समोर बसलेला असताना कसं विचारायचं?” यावर मला उत्तर सुचले नाही, पण सेवेतली ही उणीव मी धरते.

पंधरा दिवसांनी घरी बीट अंमलदार, म्हणजे आमच्या भागाचे पोलीस, आले. तरुण होते, घाटावरचे. ठाण्याचे नाव इथे देत नाही. त्यांच्या मोबाइलवर परवानाधारकांची यादी होती आणि तीत अण्णांचे नाव होते. बंदूक आताच्या आता द्या, ठाण्यात नेतो, असे म्हणाले. मी पावती आणि आवक शिक्क्याची प्रत पुढे ठेवली. दुकानात ठेवलेली चालत नाही, असे ते म्हणाले. मी कलम २१ चे नाव घेतले आणि तसा लेखी आदेश द्या, दुकानदार लगेच हवाली करतील, एवढेच सांगितले. त्यांनी बाहेर जाऊन फोन केला, परत आले आणि पावतीचा फोटो काढला. मग म्हणाले, “ठीक आहे ताई, उद्या ठाण्यात येऊन जबाब द्या.” इथे मी पावतीची पाचवी ओळ वापरली. कलम १६० प्रमाणे बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, असे ती ओळ म्हणते. ते हसले. “एकशेसाठ गेलं ताई, गेल्या वर्षीच्या एक जुलैला. आता एकशे एकोणऐंशी.”

ते बरोबर होते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि पावतीवरचे जुन्या संहितेचे आकडे त्या दिवशी शिळे झाले. संरक्षण तेच आहे, किंबहुना थोडे वाढले आहे: साक्षीदार म्हणून बोलावताना बायकांना राहत्या घराखेरीज दुसरीकडे येण्याची सक्ती करता येत नाही, आणि पुरुषांसाठी पूर्वी पासष्ट असलेली वयाची रेषा आता साठ झाली आहे. अटकेऐवजी हजर राहण्याची नोटीस द्यायची तरतूद पूर्वी ४१अ मध्ये होती, ती आता ३५ मध्ये आहे. गुन्हा सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा असेल, अटकेची गरज पोलिसांना वाटत नसेल आणि नोटिशीप्रमाणे माणूस हजर राहत असेल, तर कारणे नोंदवल्याशिवाय अटक होत नाही. शस्त्राविषयीच्या साध्या चौकशीत ही तरतूद माहीत असणे फार मोलाचे आहे. पण चुकीचा आकडा तोंडून गेला की समोरचा माणूस तुमचे बरोबर असलेले म्हणणेही हलक्यात घेतो, हे मी त्या दिवशी अनुभवले. त्यात माझ्या बाबतीत गुन्ह्याचा तपास असा काही सुरूच नव्हता, फक्त यादीचा अहवाल द्यायचा होता. तेव्हा मीच म्हटले की इथेच ओसरीवर लिहून घ्या, चहा होईपर्यंत. त्यांनी लिहून घेतले. तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, हे पावतीत आहे आणि ते आजही खरे आहे. पण ही अहवालाची नोंद होती, तेव्हा तिच्यावर मी वाचून सही केली.

उठता उठता त्यांची नजर माजघराच्या भिंतीवर गेली. “आणि ही?”

ठासणीची ती बंदूक गेली तीस-चाळीस वर्षे आम्ही कोणी बंदूक म्हणून पाहिलेली नव्हती. गणपतीत तिच्यावर माळ टांगतात. आजोबांचा परवाना त्यांच्याबरोबर संपला आणि ती मागे राहिली. त्यांनी ती काढायला हात वर केला, तेव्हा माझा आवाज जरा चढला असावा. मी म्हटले की न्यायची असेल तर मी अडवणार नाही, पण दोन पंच बोलवा, पंचनामा करा, जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मला द्या, आणि नव्या कायद्याप्रमाणे मोबाइलवर चित्रीकरण करा. यातले शेवटचे मला पावतीने सांगितलेले नव्हते, ते मी वर्तमानपत्रात वाचले होते. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण आता संहितेच्या कलम १०५ मध्ये आहे आणि पावतीत ते असायलाच हवे. अंमलदारांनी हात खाली घेतला, फोटो काढला आणि आठ दिवसांत हिचे कागद दाखवा असे सांगून गेले. ते उर्मटपणे वागले असे मी म्हणणार नाही. त्यांना वरून यादी होती आणि मला भिंतीवरची गोष्ट जाऊ द्यायची नव्हती.

या प्रसंगात दुकानाची सेवा सर्वांत चांगली ठरली, आणि तीही एका नकारामुळे. काकांनी सांगितले की बंदूक घेऊन येऊ नकोस, माझा कारागीर तिकडे येईल. कारागीर आला, भिंतीवरून न काढता टॉर्च लावून अर्धा तास पाहत राहिला. बार पेटवणारी केप बसवायची निपल गेलेली, नळीच्या बुडाशी गंजाने भोक पडलेले, घोड्याची स्प्रिंग तुटलेली. त्याने हे सगळे मोजमापांसह दुकानाच्या लेटरहेडवर लिहून दिले. ‘निकामी’ असा शब्द लिहा, असा मी आग्रह धरला, तर काकांनी साफ नकार दिला. जुन्या बनावटीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडके शस्त्र कलम ४५ प्रमाणे शस्त्र अधिनियमातून वगळले जाते ते दुरुस्ती करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येत नसेल तरच, आणि दुरुस्तीने ती चालेल की नाही हे ठरवणे सरकारी तज्ज्ञाचे काम आहे, दुकानदाराचे नाही, असे ते म्हणाले. दुसऱ्या एखाद्या दुकानदाराने पाचशे रुपये घेऊन हवा तो शब्द लिहून दिला असता. त्यांनी मला वकिलाकडे जायला सांगितले, आणि आम्ही वकिलांमार्फत फोटो व ते वर्णन जोडून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे तपासणीची विनंती करणारा अर्ज दिला. त्या अर्जाची आवक प्रत मी आठव्या दिवशी ठाण्यात नेऊन दाखवली.

छोट्या गोष्टींत दुकान मागे पडते. दुपारी एक ते चार बंद असते आणि पाटी मात्र ‘दिवसभर’ अशी आहे. नूतनीकरणाचे अर्ज आता ऑनलाइन भरावे लागतात, त्यात काका फारसे रमत नाहीत आणि त्यांच्या पुतण्यासाठी थांबावे लागते. नव्या परवान्यासाठी शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते, ते कुठे मिळेल याचे नीट उत्तर मला दुकानात मिळाले नाही. कायद्याचा सल्ला म्हणून त्या सात ओळींवर विसंबणाऱ्याने आधी त्या वकिलाकडून तपासून घ्याव्यात. ठेव म्हणून, पावती म्हणून आणि लेखी मागायची सवय लावणारे ठिकाण म्हणून मी या दुकानाला पाचपैकी साडेतीन गुण देते. भिंत कोरडी केली तर चार.

बारा बोअरची बंदूक अजून तिथेच आहे. माझ्या नावाच्या परवान्याचा अर्ज चालू आहे आणि महिन्याचे ३०० रुपयेही. गेल्या वेळी पैसे द्यायला गेले, तेव्हा काउंटरवर कोऱ्या पावत्यांचा गठ्ठा उलटा मांडलेला होता आणि काका निळ्या पेनाने एकेका पावतीवर १६० खोडून १७९ लिहीत बसले होते. परवाना शिपायास दाखवू नये, ही दुसरी ओळ त्यांनी अजून खोडलेली नव्हती. मी बोट ठेवले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, पेन झटकले आणि त्या ओळीवरून सावकाश एक रेघ ओढली.